शोकेसमधला पाणचष्मा

मित्रांनो, काचेतून बघणं हाच माझा धंदा. पण आयुष्याची सहा वर्षं मी जी काच पाहिली ती शोकेसची. तिच्यापलीकडे मासे नव्हते. भिंतीवरचं कॅलेंडर होतं, कुरकुरणारा पंखा होता आणि चहाला येणारे पाहुणे होते. मी एक म्हातारा पाणचष्मा आहे. समुद्रात खोल उतरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर आणि नाकावर बसतो तो. काळ्या रबराचा, पुढे एक जाड काच आणि मागे डोक्याभोवती जाणारा पट्टा. नौदलात मला मास्क म्हणायचे. पाणचष्मा हे नाव शालनवहिनीनं ठेवलं, आणि खरं सांगू का, मला तेच जास्त आवडतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात साच्यात झाला. त्याचं मला काही कौतुक नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मानसिंगच्या तोंडावर बसलो त्या दिवशी. मानसिंग माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढच्या एका कोरड्याठाक गावचा. तिथे मार्च उजाडला की टँकरपुढे घागरींची रांग लागते. अशा गावचा पोरगा नौदलात पाणबुड्या झाला, आहे की नाही गंमत?

भांडारात आम्हा मास्कांची पेटी उघडली तेव्हा मानसिंगनं एकेक उचलून पट्टा न लावता नुसताच तोंडावर धरला आणि नाकानं श्वास आत ओढला. बाकीचे घसरून खाली पडले. मी चिकटून बसलो. त्याचा चेहरा अरुंद होता, माझाही घेर लहान. "ह्यो माझा," मानसिंग म्हणाला. मास्क बसतो की नाही हे असंच पाहतात, मित्रांनो. श्वास ओढल्यावर जो चिकटतो तो आपला.

अकरा वर्षं आम्ही बरोबर काम केलं. जहाजांच्या बुडाचं शेवाळ खरवडलं, हरवलेले नांगर शोधले. मुंबईच्या गोदीतलं पाणी इतकं गढूळ, की मानसिंगला स्वतःचा हात दिसायचा नाही. पाण्यात उतरण्याआधी तो दर वेळी माझ्या काचेत थुंकायचा, बोटानं चोळायचा आणि विसळून टाकायचा. नाक मुरडू नका! थुंकीनं काचेवर वाफ धरत नाही. मला त्याचा कधी राग आला नाही, उलट तो आमचा रामराम होता.

आणि एकदा, एकदाच, लक्षद्वीपच्या एका बेटाजवळ आमचं जहाज थांबलं. सुट्टीच्या दिवशी मानसिंग आणि त्याचा मित्र बिराप्पा पाण्यात उतरले. काय सांगू! पाणी इतकं स्वच्छ, की तळाच्या वाळूवर आमची सावली पडली होती. प्रवाळाच्या झुडपांतून हळदीच्या रंगाचे मासे हजारांनी निघाले आणि आमच्याभोवती फिरू लागले. मानसिंगला हसू आलं. हसलं की गालाला वळी पडते आणि वळीतून पाणी आत शिरतं. माझ्यात पाणी भरलं, तरी तो हसतच होता. पाणबुड्यानं पाण्यात हसायचं नसतं. पण त्या दिवशी मीही त्याला माफ केलं.

एक्क्याण्णव साली त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, आता पाण्याखाली जायचं नाही, कधीच नाही. पेन्शन बांधून दिली आणि मानसिंग घरी आला. मी त्याच्या ट्रंकेत होतो. शालनवहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. एका बाजूला कबड्डीची ढाल, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकचा मोर. शोकेसला कुलूप, आणि किल्ली तिच्या कमरेला.

"हात लावायचा न्हाई कुनी," तिनं पोरांना बजावलं. "तुमच्या आप्पाची अकरा वर्सं हायत त्यात."

तिचं प्रेम खोटं नव्हतं, मित्रांनो. पण कुलूप ते कुलूपच. मानसिंग माझ्यासमोरून दिवसातून वीसदा जायचा आणि एकदाही वर बघायचा नाही. समुद्राचं नाव काढायचा नाही. पोरांनी विचारलं तर "हुतं ते गेलं," एवढंच. मला वाटायचं, ह्यानं एकदा तरी काच ठोठावावी. शोकेसमध्ये माझा जीव गुदमरत होता, आणि बाहेर त्याचाही.

त्यातून खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. शालनवहिनी कोयता, विळा, कुऱ्हाड, पक्कड सगळं घासूनपुसून, तेल लावून पाटावर मांडायची आणि मग शोकेस उघडून मलाही घ्यायची. कोयत्याला तेल, तसं मलाही तेल. खोबरेल! पट्टा, कडा, आतली घडी, कुठे म्हणून जागा सोडायची नाही. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. मी काळाभोर चमकायचो आणि ती खूश व्हायची.

अगं बाई, रबराला तेल म्हणजे विष! पण मी ओरडणार कसा? पहिल्या वर्षी माझी कड मऊ पडली. दुसऱ्या वर्षी फुगली. तिसऱ्या वर्षी पट्ट्याला आतून भेगा गेल्या. मानसिंगला हे कळलं असतं, पण मी पाटावर आलो की तो गोठ्याकडे निघून जायचा. लांबून चमक दिसायची, तेवढ्यावर त्याचं समाधान.

शहाण्णव साली बिराप्पाचं पत्र आलं. तो जतचा. नौदलातून सुटल्यावर त्याच बेटावर लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवत होता. थोरल्या लेकीनं, रेश्मानं, माझ्यासमोरच ते मोठ्यानं वाचलं.

"मानसिंगा, पोरांना घेऊन ये. रेश्माला बारा पुरी झाली की पाठीला हवेची टाकी लावून मी स्वतः हात धरून उथळ पाण्यात नेतो. धाकट्या राजवर्धनला वरच्या वर नळीनं श्वास घेत तरंगू दे. अट एकच, दोघांना पोहता आलं पाहिजे. आणि लहान तोंडाचे मास्क इथं कमी पडतात. पोरीचा चेहरा तुझ्यावर गेला असेल तर तुझा जुना घेऊन ये."

रेश्मा धावत आली आणि शोकेसच्या काचेला नाक लावून उभी राहिली. तिचा चेहरा अगदी मानसिंगचा होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण सुटणार.

मग बेत सुरू झाला. शाळेतला भारताचा नकाशा जमिनीवर पसरला. मिरजेहून रेल्वे, कोचीहून जहाज. बेटावर जायला परवानगीचा कागद लागतो म्हणून मानसिंग पोलीस ठाण्यात गेला, तर हवालदार म्हणाला, "बेटावर पावनं हायत का?" शेजारचा केरबा तर ओट्यावर बसून रोज चिडवायचा, "गावात प्यायला पानी न्हाई आन् ही निगाली पान्यात बुडायला!"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. त्या वर्षी परतीचा पाऊस आमचं शिवार चुकवून गेला आणि विहिरीत गुडघाभर पाणी राहिलं. पोहायला शिकणार कुठे? रेश्मा बाजेवर पालथी पडून हातपाय मारायची. घमेल्यात तोंड बुडवून श्वास धरायची आणि राजवर्धन आकडे मोजायचा. बहिणीनं जिंकावं म्हणून तो वीसनंतर एकदम तीस म्हणायचा. बेत वर्षभर पुढे ढकलला गेला. त्या रात्री जेवताना रेश्मानं भाकरीला हात लावला नाही.

"आई, पाणचष्मा एकदा घालून तरी बघू दे," ती म्हणायची.

"जायच्या दिवशी काढीन. मोडलाबिडला म्हंजे?"

मानसिंगही म्हणायचा, "असू दे, जपलाय तिनं." आणि मी आत बसून स्वतःच्या भेगा मोजत होतो. पोरगी माझ्या भरवशावर दर्याला निघालीय आणि मी आतून संपत चाललोय, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. ह्यापेक्षा वाईट कोंडमारा तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

सत्त्याण्णव साली सप्टेंबरात पाऊस झाला. विहिरीत दोन माणसं उभी बुडतील एवढं पाणी आलं. मानसिंग काठावर बसून शिकवायचा आणि पोरं तरंगायला पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून पाण्यात उतरायची. हे मी पाहिलं नाही. दारातून ओली पोरं भांडत यायची, त्यावरून कळायचं. चौथ्या दिवशी रेश्माचा डबा सुटला, पाठोपाठ राजवर्धनचाही. आठवड्यात रेश्मा बुडी मारायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं.

आणि मधे खंडेनवमी आली. "अवंदा तू दर्याला निगालास," शालनवहिनी मला म्हणाली आणि दुप्पट तेल चोपडलं.

निघायला आठ दिवस राहिले तेव्हा मानसिंग म्हणाला, "एकदा पान्यात घालून बगू." कुलूप उघडलं. पूजेशिवाय उघडलेलं ते सहा वर्षांत पहिल्यांदा. सगळे विहिरीवर आले.

"आदी काचंत थुक," मानसिंग लेकीला म्हणाला.

"आवं!" शालनवहिनी किंचाळली. "पुजलेली वस्तू हाय ती! थुकताय काय?"

पण रेश्मा थुंकली, बोटानं चोळलं, विसळलं. मग तिनं मला तोंडावर धरून श्वास ओढला. मी जीव तोडून चिकटायला बघितलं, मित्रांनो. माझी फुगलेली, बुळबुळीत कड तिच्या गालावरून सरकली आणि मी तिच्या हातात पडलो. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा पडलो.

मानसिंगनं मला घेतलं. सहा वर्षांनी त्याचा हात लागला. त्यानं हुंगून पाहिलं. "ह्येला त्याल कुनी लावलं?"

पोरांनी आईकडे बघितलं.

"मी," शालनवहिनी म्हणाली. "दर खंडेनवमीला. कोयत्याला लावती तसं."

त्यानं पट्टा जरा ताणला मात्र, तो तुटला, आणि मी त्याच्या हातातून निसटून विहिरीत पडलो. गार पाणी चहूकडून आत आलं. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. मी तळाच्या गाळात जाऊन बसलो. शोकेसमधून सुटलो ते थेट विहिरीच्या तळाशी!

वर मानसिंग उडी घ्यायला निघाला होता. शालनवहिनीनं त्याचा दंड धरला, "कानाचं काय? जायचं न्हाई!" तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. रेश्मा होती. पहिल्या बुडीत ती अर्ध्यावरून परतली. दुसरीत गाळ ढवळला, काही दिसेना. तिसऱ्या बुडीत तिची बोटं चाचपडत माझ्या काचेला लागली.

वर आल्यावर तिचे डोळे लाल झाले होते. "आप्पा, ह्यो चालत न्हाई," ती रडत म्हणाली. "आता जायचं न्हाई?"

शालनवहिनी पायरीवर मटकन बसली. "मीच मारलं ह्येला. जपू जपू मारलं."

"तू न्हाई, शालन." मानसिंग तिच्याशेजारी बसला. "रबराला त्याल चालत न्हाई, ह्ये तुला कोन सांगनार? मी सांगायला पायजे हुतं. घरी आल्यापास्नं मी तोंडच उगडलं न्हाई." आणि मग तो बोलायला लागला. गोदीचं पाणी, फाटलेला कान, हळदीच्या रंगाचे मासे, सगळं. शेळ्या घरी परतल्या तरी तो बोलतच होता. शेवटी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बिनचष्म्याची तळाला जाऊन आलीस. आता तुला कोन अडवतंय गं? बिराप्पाला सांगतो, लहान मास्क कुनाकडनं तरी मागून ठिव."

ते गेले. मी मागे राहिलो. आता शोकेसला कुलूप नव्हतं, पण मी जाणार कुठे? बारा दिवस घर रिकामं होतं. प्लॅस्टिकचा मोर आणि मी एकमेकांकडे बघत बसलो.

परत आल्यावर रेश्मानं चपलाही काढल्या नाहीत. घमेलं आणलं, मला त्यात ठेवलं आणि बाटलीतून आणलेलं पाणी माझ्यावर ओतलं. खारं! त्याच बेटाचं!

"आप्पा होडीत बसून होते," ती मला सांगू लागली. मलाच, हो! "मी वर आले तर पहिलं काय विचारलं ठाऊक हाय? 'हसलीस का?' म्हटलं, हसले, लय पाणी शिरलं. तर आप्पा रडायलाच लागले."

मित्रांनो, मी आता कुठल्याच पाण्याच्या कामाचा नाही. पण तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला नुसतं कुलपात ठेवून पुजू नका. त्याला काय सोसतं, काय सोसत नाही, ते आधी विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानं गप्प बसू नये.

पुढच्या खंडेनवमीला मी पुन्हा पाटावर आलो. त्या दिवशी मानसिंग गोठ्याकडे गेला नाही, माझ्यासमोर मांडी घालून बसला. शालनवहिनीनं कोयत्याला तेल लावलं, विळ्याला लावलं. माझ्यापाशी येऊन तिचा हात थांबला. तिनं तेलाची वाटी लांब सरकवली, रेश्माला हाक मारली आणि तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाली, "थुक बाई. त्याला त्येच सोसतंय."