चाळीस एपिसोड एकदम

सुयोग प्रितमवर जळत होता, आणि ते लपवणंही त्याला जमत नव्हतं. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या स्टुडिओत मालिकांचे एपिसोड चॅनेलला हव्या त्या फॉरमॅटमध्ये करून दिले जात. तिथल्या सर्व्हर रूमची किल्ली अकरा वर्षं सुयोगकडे होती, घराच्या किल्लीशेजारी, एकाच रिंगमध्ये. आता मालकीण नलिनी मॅडमनी जाहीर केलं होतं, ज्यानं आणलेलं मशीन जास्त काम उपसेल, त्याच्याकडे रूम.

सुयोगचं मशीन साडेपाच गिगाहर्ट्झचं, आठ कोअरचं, कोरं करकरीत. वर्षभरापूर्वी आलेल्या प्रितमनं मात्र कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला जुना सर्व्हर उचलून आणला. कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात, चौसष्ट, पण वेग जेमतेम सव्वादोन.

"भंगारात मिळाला काय रे?" सुयोगनं सगळ्यांदेखत विचारलं.

पहिल्या दिवशी दोन्हीकडे एकेकच एपिसोड लावला. सुयोगचा दहा मिनिटांत बाहेर आला, प्रितमचा पंचवीस. सुयोगनं अख्ख्या मजल्याला चहा पाजला. तरी जेवणाच्या सुट्टीत सगळे प्रितमच्याच डब्याभोवती. हा काल आलेला पोरगा, आणि याचं एवढं कौतुक कशासाठी?

शुक्रवारी चाळीस एपिसोड आले. प्रितम म्हणाला, "दादा, जुना आहे, मी पाच-पाचच टाकतो."

तो पाणी प्यायला गेला, तेवढ्यात सुयोगनं चाळीसच्या चाळीस एपिसोड त्या सर्व्हरवर ढकलले. मॅडमसमोर याच्या सर्व्हरला एकदा मान टाकू दे, म्हणजे कळेल. कोअरचा हिशेब त्याला कळत नव्हता असं नाही, पण त्या क्षणी डोक्यात फक्त प्रितमचा पडलेला चेहरा होता.

सर्व्हरनं मान टाकली नाही. एका एपिसोडला आठच कोअर लागत, त्यामुळे आठ-आठ एपिसोड एकदम घेत तो आपल्या संथ चालीनं चालत राहिला. दहाला सुरू झालेलं काम बारा वाजून गेले तेव्हा संपलं होतं. सुयोगच्या मशीनवर एकामागून एक करताना संध्याकाळचे पावणेपाच वाजले असते.

"एवढे एकदम टाकायचं धाडस कोणी केलं?" मॅडमनी विचारलं.

"सुयोगदादांनी," प्रितम म्हणाला. "मी घाबरलो होतो. ते होते म्हणून कळलं."

त्या बोलण्यात टोमणा असता तर सुयोगला बरं वाटलं असतं. मॅडमनी हात पुढे केला. रिंग उघडताना त्याचं नख मोडलं, किल्ली काही निघेना.

"द्या दादा, मी काढतो," प्रितम म्हणाला. त्यानं सर्व्हर रूमची किल्ली अलगद सोडवली आणि घराची किल्ली परत सुयोगच्या हातावर ठेवली.