कापूस भिजेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी वाफेची सिगारेट आहे. हे वाचताच तुमच्या आईने पान उलटले तर मी तिला दोष देणार नाही. निकोटीन माझ्याही पोटात असते. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने माझ्या वाटेला जाऊच नये. ज्यांना सिगारेट काही केल्या सुटत नाही अशा लोकांसाठी माझा जन्म झाला.

तो झाला चीनमधल्या एका कारखान्यात. खाली बॅटरी, वर काचेची टाकी, टाकीच्या मधोमध एक बारीक तार आणि तारेभोवती कापूस. टाकीत निकोटीनचा रस भरायचा, तो कापसाने शोषायचा आणि तार तापली की त्याची वाफ व्हायची. कोरड्या कापसावर मात्र तार तापवली तर कापूस जळतो, आणि मग पुढचा प्रत्येक झुरका जळकाच लागतो. एवढी एकच माझी नाजूक बाजू. म्हणून माझ्या खोक्यात कापसासकट एक जादा तारही दिलेली असते.

समुद्र ओलांडून मी इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरात आले. मासळीच्या धक्क्याजवळ शेली नावाच्या बाईचे दुकान होते, तिथल्या काचेच्या कपाटात मी बसले. एके दिवशी लोरेन आली. मासे गोठवण्याच्या कारखान्यातली पांढरी टोपी तशीच डोक्यावर होती.

"बाबासाठी हवंय," ती म्हणाली. "पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. कापून नवी वाट काढून दिलीय. पण सिगारेट चालू राहिली तर तीही बुजणार म्हणे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, सिगारेट नाहीतर पाय, काय ठेवायचं ते ठरवा."

"मग पाय ठेवायला सांग की त्या म्हाताऱ्याला!" शेली हसली आणि तिने मला खोक्यातून बाहेर काढले. "हे बघ. पहिल्यांदा रस भरलास की दहा मिनिटं नुसती उभी ठेवायची. कापूस भिजू दे. तोवर बटणाला बोट लावायचं नाही. राहील ना लक्षात?"

"न राहायला काय झालं!"

लोरेनचा बाप लेन याने उभा जन्म धक्क्यावर मासे कापले होते. मजुरी वजनावर. त्यामुळे थांबलेल्या हाताला तिथे कवडीची किंमत नसे. घरी तो फक्त चहासाठी थांबायचा. किटलीवर लोकरीची टोपी चढवून चहा मुरू द्यायचा आणि कुणी आधी ओतला तर त्याच्यावर खेकसायचा. मला वाटले, अशा घरात माझे चांगले होईल.

लोरेनने स्वयंपाकघराच्या टेबलावर माझी टाकी भरली. तेवढ्यात तिची बस दिसली. कारखान्यातल्या पाळीची वेळ होत आली होती.

"बाबा, हे बटण दाबायचं आणि ओढायचं. सिगारेटला हात लावलास तर याद राख!" असे म्हणत ती दाराबाहेर पळाली. दहा मिनिटांचे सांगायचे राहूनच गेले. माहितीचा कागद होता, पण त्याची अक्षरे मुंगीएवढी. लेनने त्यावर कप ठेवला.

आणि लगेच मला उचलून बटण दाबले. सिगारेटसारखाच जोरात, लांब झुरका घेतला. माझा कापूस वरून जेमतेम ओला होता, आतून कोरडा ठणठणीत. तो जळाला. लेन खोकून खोकून लाल झाला. मला ओरडून सांगावेसे वाटले की थांब रे बाबा, पण आम्हाला वाचा नसते. त्याने हट्टाने आणखी दोनदा ओढून पाहिले आणि माझी उरलीसुरली आशाही जळाली.

संध्याकाळी लोरेन आल्यावर तो म्हणाला, "बिघडलेला माल गळ्यात मारलाय तुझ्या. जळक्या चिंध्या ओढल्यासारखं वाटतं."

"होईल सवय, बाबा."

"मग तूच ओढ!"

मी खोक्यासकट खणात पडले, सुतळी आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी. न वापरलेली जादा तार माझ्या अंगाखाली तशीच होती. तिच्याकडे कुणी पाहिले नाही. रोज मागचे दार उघडे आणि लायटरचा आवाज येई. मी तो ऐकत राही. हिवाळ्यात लेनच्या डाव्या पायाची बोटे काळी पडली. मग रुग्णवाहिका आली आणि घर कितीतरी दिवस मुके झाले. तो परतला तेव्हा मला चाकांचा आवाज ऐकू आला. डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला होता.

आता उजव्याचेही तेच दुखणे सुरू झाले होते. लोरेनने मला खणातून काढले आणि पुन्हा दुकानात नेले.

शेलीने मला उघडले. "अगं, कापूस तर काळाठिक्कर पडलाय! कोरडीच पेटवली की काय? दहा मिनिटं थांबायचं, सांगितलं होतं ना मी?"

लोरेनने टेबलाची कड घट्ट धरली. शेलीने जादा तार बसवली, रस भरला आणि मला उभे करून ठेवले. दहा मिनिटे दोघीही घड्याळ बघत बसल्या. मग शेलीने ओढून पाहिले. मऊ, पांढरी वाफ आली.

"बघ, काही धाड भरलेली नाही हिला."

"म्हणजे तेव्हाही..." लोरेन म्हणाली.

शेलीला कळले. "जाऊ दे. ते आता उगाळू नकोस."

घरी लेनने मला निरखून पाहिले. "तीच ना ही?"

लोरेन म्हणाली, "छे! ती बिघडलेलीच होती, बाबा. दुकानवालीनं बदलून दिली."

"मी म्हणत नव्हतो? पहिल्याच झुरक्यात ओळखलं होतं मी!" कित्येक महिन्यांत तो एवढा खूश झाला नव्हता. त्याने ओढले. खोकला आला नाही. पुन्हा ओढले. "ही बरी आहे गं. तेव्हाच ही मिळाली असती ना..." आणि त्याचा हात मांडीपुढच्या सपाट पांघरुणावर गेला.

लोरेन पाठ फिरवून आधीच धुतलेला कप धूत राहिली.

मित्रांनो, लेनची सिगारेट सुटली. उजवा पाय अजून शाबूत आहे. माझे तो कौतुक करतो आणि त्या पहिलीला अजून शिव्या घालतो. मी दोन्ही ऐकून घेते. माझ्या वाटेला तुम्ही जाऊ नका, पण माझे एवढे ऐका. आपल्या माणसाला कामाची वस्तू द्याल तेव्हा पाठ फिरवून पळू नका. त्याच्या हाती ती नीट चालेपर्यंत जवळ बसा.

तार बदलायची वेळ आली की लोरेन आता खुर्ची ओढून बापाशेजारी बसते आणि कापूस भिजेपर्यंत मला त्याच्या हाती लागू देत नाही.

"अगं, बस गेली की तुझी," लेन म्हणतो.

"जाऊ दे," ती म्हणते.