चढावरचा काटा

मेकॅनिक तावियाने गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, गेज सुतळीने वायपरला बांधलं आणि काचेवर दोनदा टिचकी मारली.

"आई, तुम्ही पुढे बसा. मी गाडी चालवणार, तुम्ही काटा वाचायचा. पेट्रोल इंजिनापर्यंत किती जोराने पोचतंय ते हा काटा सांगतो. अडीचवर राहिला तर उत्तम."

"तुम्हीच का नाही बघत?"

"रस्ता आणि काटा दोन्ही बघणारा एक फिटर होता या गॅरेजवस्तीत. कोपऱ्यावर त्याच्या नावाचा बोर्ड आहे अजून. बोर्डच आहे."

डुफी पुढे बसली. कमरेचं काळं कापड तिने गुडघ्यांवर नीट केलं आणि काट्याकडे पाहू लागली. एकोणचाळीस दिवस लोक तिला सांगत होते, इथे बस, हे घाल, हे पी, आणि ती ते ते करत होती. परवा तोंड भाजण्याइतकं गरम सूप तिने सगळं पिऊन टाकलं होतं, आणि तोंड भाजल्याचं तिला संध्याकाळी कळलं.

सुआमे मॅगझिन या कुमासीच्या गॅरेजवस्तीत सकाळी अकरा वाजता गाडी बाहेर काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून मधूनच उठण्यासारखं. इकडे कुणाचा गिअरबॉक्स पसरलेला, तिकडे ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले. तावियाने सगळ्यांच्या आयांचा उद्धार करत गाडी ओफिन्सोच्या रस्त्याला लावली.

"वाचा."

"अडीच."

"आता?"

"अडीच."

चढ सुरू झाला. तावियाने पाय दाबला. गाडी पुढे जायला तयार नव्हती. म्हाताऱ्याला उठवावं तशी नुसती कुरकुरली.

"दोन," डुफी म्हणाली. "दीड. एक."

एकवर काटा आला आणि इंजिनातून आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा.

"हाच ना?"

"हाच."

"कधीपासून?"

"सात वर्षं."

तावियाने वळून तिच्याकडे पाहिलं. "सात वर्षं इंजिन ठोकतंय आणि कुणी काही म्हणालं नाही?"

"मला वाटलं, वयामुळे."

"गाडीच्या?"

"सगळ्यांच्याच."

गाडी बोआहेनची होती, आणि बोआहेन जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. उद्या शनिवारी चाळिसाव्याला त्याच्या घराण्याचे लोक जमणार आणि गाडी त्याच्या बहिणीच्या मुलाला, याव अदुसेईला देणार. मामाची वस्तू भाच्याला, बायकोमुलांना नाही. कायदा वेगळं सांगतो, असं डुफीची मुलगी फोनवर सांगत होती. पण मुलगी आणि कायदा दोघंही राजधानीत, अक्रात राहत होते.

गाडी जाण्याचं डुफीला काही वाटत नव्हतं. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं, हाच नातेवाइकांचा पहिला आक्षेप. मयताच्या दिवशी भाड्याने आणलेल्या बायकासुद्धा घसा बसेपर्यंत रडल्या, आणि ही खुर्चीत बसून पाहुण्यांना पाण्याच्या पिशव्या मोजून देत होती. दुसरा आक्षेप यावने आणला. गेल्या आठवड्यात तो गाडीतून एक चक्कर मारून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामाची गाडी अशी नव्हतीच. पन्नासच्या वर जात नाही, चढाला ठोकते. कुणीतरी चांगला पंप काढून भंगारातला बसवलाय." कुणीतरी म्हणताना त्याने डुफीकडे पाहिलं नाही, त्यामुळे सगळ्यांना कळलं. न रडणारी विधवा आणि न ओढणारी गाडी, दोन्हींवरून घराण्याने एकच निष्कर्ष काढला. मामाची गाडी आधी कशी होती हे यावला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बोआहेनने स्टिअरिंगला कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. पण ते कुणी विचारलं नाही.

उद्या घराण्यातला वडीलधारा तिला सगळ्यांदेखत गाडीबद्दल विचारणार होता. तेहेतीस वर्षांच्या संसारानंतर चोर म्हणून त्या घरातून बाहेर पडायचं नाही, एवढं एकच तिला अजून करायचं होतं. तेही करावंसं वाटत होतं म्हणून नव्हे. यादीत राहिलं होतं म्हणून.

परत आल्यावर शेजारचा बोटवे कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या टपरीवर लिहिलं होतं, 'देव समर्थ आहे – फक्त पेट्रोल इंजिन'.

"बेअरिंग," तो म्हणाला. "इंजिन उतरवा."

"तू ऐकलंस तरी का?" ताविया म्हणाला.

"ऐकायचंय काय त्यात? बेअरिंगच असतं."

बोटवेकडे इंजिन उचलायची साखळी होती आणि ती वापरात राहावी अशी त्याची मनापासून इच्छा असे. गेल्या महिन्यात एकाचा हॉर्न वाजत नव्हता, तेव्हाही त्याने इंजिन उतरवायला सांगितलं होतं.

"बेअरिंग गेलं असतं तर सपाटीवरही ठोकलं असतं," ताविया डुफीला म्हणाला. "हे उपाशी इंजिन आहे. चढाला पेट्रोल कमी पडतं, नुसती हवाच जास्त, म्हणून खडखडतं. पोटात काही नसताना ओझं उचलायला लावलं तर तुम्ही-आम्हीही खडखडू."

"म्हणजे पंप?"

"बघू. तुमच्या भाच्याच्या तोंडात साखर पडू नये एवढीच इच्छा."

त्याने गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरून गेज मागे, टाकीजवळ, थेट पंपाच्या तोंडाशी लावलं. काटा ताडकन वर गेला आणि तिथेच उभा राहिला. पंप ठणठणीत होता. मग त्याने फिल्टर चाचपला, दिव्याचा उजेड त्यावर धरला आणि थांबला.

"यावर तारीख लिहिलीय. बॉलपेनने."

"ते लिहायचे."

"फिल्टरवर?"

"बल्बवर. घड्याळाच्या सेलवर. साबणाच्या वडीवर. माझ्या चपलांखाली." बोआहेन एकतीस वर्षं कोकोच्या गोदामात वजनकाट्यावर कारकून होता. तिथे प्रत्येक पोत्यावर तारीख टाकावी लागे. निवृत्त झाल्यावर पोती संपली, सवय राहिली. "आपण कशाला किती दिवस वापरलं ते माणसाला ठाऊक असावं, म्हणायचे."

"गेल्याच वर्षीचा आहे. फिल्टरही चांगला." ताविया कपाळ खाजवत पुटपुटला, "पंप देतोय, फिल्टर जाऊ देतोय, आणि पुढे पोचत नाही. म्हणजे वाटेत कुणीतरी खातंय. टोलनाका आहे कुठेतरी."

तो फिल्टरपासून पुढे पाइपावरून हात फिरवत सरकू लागला, आंधळा भिंतीवरून फिरवतो तसा. ड्रायव्हरच्या सीटच्या खाली त्याचा हात थांबला. त्याने दिवा जवळ ओढला. बोटवेसुद्धा वाकून पाहू लागला.

"बोटवे, तुझ्या टपरीत कुणीतरी आलंय."

"कोण? कुणी नाही."

"जाऊन बघ तरी."

बोटवे गेला. ताविया म्हणाला, "आई, खाली येता येईल का?"

तिने चपला काढल्या, कापड वर खोचलं आणि तीन पायऱ्या उतरून खड्ड्यात आली. दिव्याच्या उजेडात रबरी पाइपावर कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, नीटनेटकी, बोट मोडल्यावर बांधावी तशी. तावियाने तिचं एक टोक सोडवलं. आत लोखंडी क्लिप होती, पाइप जिथे दुसऱ्या पाइपाला जोडतात तिथे लावायची असते तशी. इथे जोडायला काही नव्हतं. क्लिप पाइपाच्या मधोमध आवळलेली होती, आणि पाइपाची कंबर बारीक झाली होती.

पट्टीवर निळ्या शाईत लिहिलं होतं : १४ जून, शुक्रवार. खाली साल, सात वर्षांपूर्वीचं.

"दुष्मनाने केलेलं नाही हे," ताविया हळू आवाजात म्हणाला. "दुष्मन बंद करतो. हे मोजून केलंय. पाइपावर चार जुन्या खुणा आहेत, बघा. आवळलं, चालवून पाहिलं, सैल केलं, परत आवळलं. सपाटीवर पन्नास जावी आणि त्याच्यावर एक काडी नाही, इतकंच."

डुफीने अक्षराकडे पाहिलं. चारचा आकडा बोआहेन नेहमी वरून उघडा ठेवायचा.

त्या वर्षी तेरा जूनला ती दोघं कोजोच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना करून परतत होती. कोजो त्यांचा मुलगा. न्काव्कावच्या रस्त्यावर एका मिनीबसला दुसरीच्या पुढे जायचं होतं, त्यात तो गेला. डुफी म्हणाली, हळू. बोआहेन म्हणाला, हळूच आहे. वेगाचा काटा नव्वदवर होता. ती म्हणाली, थांबव. तो थांबला, ती उतरली आणि चर्चच्या चपलांत रस्त्याच्या कडेने चालू लागली. तीन मैल ती चालली आणि तीन मैल तो पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागोमाग येत राहिला, दोन्हीकडचे दिवे मिचकावत. मागून येणारे ट्रोट्रो मिनीबसवाले, ही काय वरात आहे का, म्हणून ओरडत होते. घरी कुणी त्याबद्दल बोललं नाही. पुढच्या रविवारी त्याने गाडी काढली तेव्हा एवढंच म्हणाला, "आता पन्नासच्या वर नाही. पायाला सांगून ठेवलंय."

त्या पायाचं कौतुक तिने चर्चच्या बायकांत सात वर्षं केलं होतं.

"हे ठोकणं," ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत असेल?"

"साबणावर तारीख लिहिणारा माणूस, आई. प्रत्येक चढाला आला असेल ऐकू." तावियाने हात पुसले. "इंजिनाचं आयुष्य खाल्लं याने. अजून आहे ते जुन्या लोखंडाची कृपा. काढलं तर अजून चार-पाच वर्षं पळेल. ठेवलं तर एखाद्या चढाला पिस्टनला भोक पडेल, आणि मग तुमचा भाचा म्हणेल ते खरं." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "पाहिजे तर उद्या मी येतो. क्लिप दाखवतो सगळ्यांना. पंप जागेवर आहे म्हणून सांगतो."

डुफीने मनाशी ते चित्र पाहिलं. क्लिप या हातातून त्या हातात जाणार. मग कुणीतरी विचारणार, ही लावली कुणी. बायकोने, असं अर्धे म्हणणार. बोआहेनने, असं म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. कोजो, नव्वदचा काटा, तीन मैल, सगळं अंगणात खुर्च्यांच्या मधोमध मांडायचं, आणि वर त्यावर मतं ऐकायची.

"नको," ती म्हणाली. "काढा."

दुसऱ्या वेळी चढावर काटा अडीचवरून हलला नाही. तावियाने पाय दाबला. गाडी साठवर गेली, ऐंशीवर गेली, झाडं मागे पळू लागली. खडखड नव्हती. डुफीचे हात मांडीवर होते. दाराची मूठ धरायला हवी हे तिला आठवलं, पण हात गेला नाही.

"जास्त होतंय का, आई?"

"अडीच," ती म्हणाली.

उतरताना तिने हात पुढे केला. "ती क्लिप द्या."

"गंजलीय. कशाच्याच कामाची नाही आता."

"द्या. पट्टी पण."

शनिवारी अंगणात मांडव होता, काळे-तांबडे कपडे होते, कुणाचं तरी पोर रडत होतं. जमिनीवर दारू शिंपडून झाली. घराण्यातला वडीलधारा, ओपानिन अम्पोन्सा, स्वतः गाडीत बसला, यावने चाक धरलं आणि दोघं ओफिन्सोच्या रस्त्याने जाऊन आले. अम्पोन्सा उतरला तेव्हा त्याची टोपी हातात होती आणि त्याला आधी पाणी लागलं.

"मामी!" यावचे दात तोंडात मावत नव्हते. "काय गाडी आहे! शंभर, मामी, शंभर! मामाने हिला उगाच बैलगाडी करून ठेवलं होतं. आणि मी आपलं काहीबाही बोललो..."

"बोललास," डुफी म्हणाली.

"चुकलं माझं, मामी."

"एवढी गाडी दारात," अम्पोन्सा पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "आणि बोआहेन गोगलगाईसारखा का चालवायचा?"

"वय झालं होतं."

सगळे हसले. अम्पोन्साही हसला, मग टोपी घातली आणि चेहरा गंभीर केला, कारण आता रीतीचं बोलायचं होतं.

"वस्तू जशीच्या तशी आहे. ज्यांनी तोंडं चालवली त्यांनी ती धुवावीत. पण विचारायची रीत आहे, ती पाळायला हवी. डुफी, नवऱ्याच्या गाडीतलं काही काढून घेतलंस का? काही तुझ्याकडे राहिलंय?"

कमरेच्या कापडाच्या टोकाला डुफीने गाठ मारली होती, बाजारात जाताना मारतात तशी.

"नाही," ती म्हणाली.

अम्पोन्साने मान डोलावली. यावने किल्ली वर फेकून झेलली, गाडी मागे घेतली, आणि फाटकातून बाहेर पडतानाच वेग घेतला. धूळ खाली बसेपर्यंत सगळे त्या दिशेने पाहत राहिले. चढावरून आवाज आला तो नुसता इंजिनाचा.

कुणीतरी डुफीला खुर्ची दिली. ती बसली तशी गाठीतली क्लिप तिच्या कमरेला टोचली. पेचाची कड होती. चांगलीच टोचत होती. गाठ जरा बाजूला सरकवता आली असती.

तिने ती सरकवली नाही.