आधी मालकाचा निरोप

सकाळपासून मी बुटांच्या नाड्या चार वेळा बांधल्या आणि चार वेळा सोडल्या. पाचव्यांदा बांधत होतो, तेव्हा मेहुणा शेजारी येऊन बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "आज मी त्याचा खांदा निखळवणार आहे. तू तेवढा वेळ फक्त दुसरीकडे बघ."

"कुणाचा?" मी विचारलं. माणूस घाबरला की असेच मूर्ख प्रश्न विचारतो.

"जल्लादचा. आणखी कुणाचा?"

जल्लाद पाच पावलांवर आरशासमोर उभा राहून पोट पट्ट्यात कोंबत होता. त्याने ऐकलं नाही. खोलीत मलमाचा वास कोंदला होता, बाकांवर गुडघ्याचे पट्टे, चष्म्याच्या डब्या, रक्तदाबाच्या गोळ्या. बावीस वर्षांनी जुन्या पैलवानांना गोळा करून रविवारी दुपारी खेळ लावायची कल्पना, तेव्हा हे खेळ भरवणाऱ्या आमच्या मालकाच्या मुलीची. बाहेर सभागृह गच्च भरलं होतं. आलेले बहुतेक लोकही आमच्याइतकेच टकले आणि ढेरपोटे होते.

मी पंच. रंगीत चड्ड्या, झगमगते झगे आणि दोरांची रिंग असते, त्या कुस्तीचा. "ती खोटी असते ना हो?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. कोण जिंकणार हे आधी ठरतं, कबूल. कुणाचं काय मोडणार हे ठरत नाही. आणि पंचाचं काम काही तीन मोजणं नव्हे, ते तर शेंबडं पोरही करेल. पंचाचं काम निरोप पोचवणं. पैलवान रिंगच्या दोन टोकांना पडलेले असतात, लोक बोंबलत असतात. अशा वेळी खांदा टेकलाय का ते बघायचं नाटक करत एकाच्या तोंडाशी कान न्यायचा आणि त्याचं म्हणणं दुसऱ्याच्या कानात टाकायचं. गुडघा धरू नको. दम लागलाय, जरा पडून राहू. खाली घड्याळ घेऊन बसलेला मालकही हाताच्या खुणेने निरोप द्यायचा, तोही मीच न्यायचो.

मेहुणा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. रिंगमध्ये त्याचं नाव भिंगरी. तेव्हा तो असा गरगर फिरायचा की बघणाऱ्याला चक्कर यावी. आता त्याचं टायरचं दुकान आहे आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना बहीण त्याची उजवी बाही आधी चढवते, मग डावी. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जातो. बावीस वर्षं मी ती बाही बघत आलो आहे.

"अरे, जाऊ दे ना," मी म्हटलं. "म्हातारे झालो आपण."

"तो झाला असेल. त्याला मी निरोप पाठवला होता. तुझ्याच हाती. खांदा गेलाय, आज फेकू नको. तरी त्याने फेकलं. पुढच्या महिन्यात किताब मला मिळणार होता म्हणून." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलं होतंस ना त्याला?"

बावीस वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या खाटेवरून त्याने हेच विचारलं होतं. उशाशी बहीण उभी होती. तेव्हा मी जे म्हणालो तेच आत्ताही तोंडातून निघालं.

"सांगितलं होतं."

मी उठलो आणि मोरीत जाऊन आलो. मग पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला जल्लाद तिथे दात लावत होता.

"तू आज उतरू नकोस," मी त्याला म्हणालो.

"का रे बाबा?"

आता सांगायचं होतं. मी म्हणालो, "तुझं वय बघ."

"माझी बायको आलीये," तो हसला. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तिला वाटतं मी जन्मभर शाळेची बसच चालवली. आणि हे बघ, भिंगरीला माझा निरोप दे. तो माझ्याशी बोलत नाही, पण आज जपून खेळू म्हणावं. मला उद्या सकाळी गिअर टाकायचाय."

तो निरोप मी दिला. मेहुणा नुसता हसला.

पहिली कुस्ती मी कशी पार पाडली ते माझं मला माहीत. दोघेही साठी ओलांडलेले. कुणी हरायचं हे दोघेही विसरले होते आणि स्वभावाने दोघेही गरीब, त्यामुळे दोघेही आपणच हरायचंय असं धरून पाठीवर पडले आणि वाट बघत राहिले. लोक पोट धरून हसले. शेवटी ज्याला उठताना कमी त्रास होईल असं वाटलं, त्याचा हात मी वर केला. दुसऱ्या कुस्तीत एकाचा मुखवटा त्याच्या वाढलेल्या गालांवर बसेना, तो अर्धा वेळ तोच ओढत होता. मी मात्र पडद्याकडे बघत होतो.

मग ते दोघे आले. भिंगरी हिरव्या झग्यात, जल्लाद काळ्या. लोक उभे राहिले, कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी डोळे पुसले. पहिल्या रांगेत बहीण बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिच्यापासून चार खुर्च्यांवर जल्लादची बायको.

बावीस वर्षांपूर्वीही अशीच गर्दी होती. भिंगरी कोपऱ्यात पडला होता आणि त्याने माझ्या कानात सांगितलं, "त्याला सांग, आज फेकू नको, खांदा गेलाय." जल्लाद पलीकडच्या दोरावर चढून लोकांना शिव्या घालत होता. मी तिकडे निघालो, तेवढ्यात मालकाने खालून मूठ आपटली. उशीर झालाय, संपवा. दोन निरोप झाले. मी मालकाचा आधी दिला. "संपव," एवढंच म्हणालो आणि दुसऱ्यासाठी श्वास घेतला. पण जल्लादच्या लेखी संपवायचं म्हणजे उचलून फेकायचं. मी तोंड उघडेपर्यंत तो रिंगच्या मध्यावर पोचला होता. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

ओरडायला हवं होतं. पंच रिंगमध्ये ओरडत नाही, खेळ उघडा पडतो. मालकाला आवडत नाही.

आता घंटा वाजली. सुरुवातीची पाच मिनिटं ठरल्याप्रमाणे गेली. ढकलाढकली, दोरावर आपटणं, जल्लादने नाक मुरडून दाखवणं. शेवटी भिंगरीने त्याला अलगद लोळवून जिंकायचं ठरलं होतं. तो लोळवायला वाकला, पण त्याने जल्लादला पालथा पाडला, त्याचा उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने वर पिळायला लागला. लोक खूश झाले. जल्लादनेही खोटं खोटं विव्हळून घेतलं.

मग त्याचं विव्हळणं थांबलं. खरं दुखायला लागलं की आमचा माणूस गप्प होतो. मी गुडघ्यांवर बसलो आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

"त्याला सांग, सैल कर," तो म्हणाला. "खरंच जातोय."

मी वर पाहिलं. "तो म्हणतोय, सैल कर."

"त्याला सांग," भिंगरी दात आवळून म्हणाला, "मीही सांगितलं होतं."

"तो म्हणतोय, त्यानेही सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं? कधी?" जल्लादचा गाल रिंगच्या कापडावर दाबला गेला होता. "हा काय बडबडतोय?"

हात आणखी एक वीतभर वर गेला. मी मान फिरवली असती तर तेवढ्यात काम झालं असतं. उद्या बस दुसऱ्याच कुणी चालवली असती आणि माझं रविवारचं जेवण चालू राहिलं असतं. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू.

"तो निरोप मी पोचवलाच नाही," मी म्हणालो.

"काय?" दोघेही एकदम म्हणाले.

"मालकाने खूण केली होती. दोन निरोप होते, मी मालकाचा आधी दिला. तुझा राहिला. याला काहीच माहीत नव्हतं. आणि दवाखान्यात मी तुझ्याशी खोटं बोललो. आत्ताही बोललो."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. आता तो मला मारणार असं मला वाटलं, आणि त्याने मारावं असंही वाटलं. त्याने हात सोडून दिला आणि धपकन खाली बसला.

"त्याला विचार," जल्लाद सवयीने माझ्याशी बोलायला लागला आणि थांबला. मग त्याने मान वळवली. "काय रे, तेव्हा खांदा आधीच गेला होता?"

"आठवडाभर आधी," भिंगरी म्हणाला.

"मला कळलं असतं तर हात लावला असता का मी? दवाखान्यात आलो होतो फळं घेऊन. तू दार लावून घेतलंस."

"हो. लावून घेतलं."

ते बोलत राहिले. दोन म्हातारे रिंगच्या मध्यभागी पडून गप्पा मारतायत आणि पंच बाजूला गुडघ्यांवर. लोकांचा धीर सुटला. "झोपलात काय रे?" मागून कुणी ओरडलं. भिंगरी हळूच पाठीवर आडवा झाला, जल्लादही कुशीवरून वळला. दोघांचेही दोन्ही खांदे खाली टेकले होते. दुसरं काय करणार? मी तीन मोजले आणि दोघांचेही हात वर केले. भिंगरीचा फक्त डावा.

बाहेर जाताना ते एकमेकांना धरून गेले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पहिल्या रांगेत बहिणीची खुर्ची रिकामी होती.

तीन दिवस मी फोन उशाशी ठेवून झोपलो. चौथ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, दोन निरोप आहेत. एक यांचा, एक माझा."

"त्याचा आधी सांग," मी म्हणालो.

"या रविवारी ते जल्लाद आणि त्यांची बायको आमच्याकडे जेवायला येणार आहेत. हे म्हणतायत, या वेळी तू नको येऊस, सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होईल. पुढच्या रविवारी ये."

माझे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी ये म्हणाला! मी नाक पुसलं. "बरं. बरं, येतो म्हणावं. आणि तुझा?"

तिच्या मागे दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"रोज सकाळी यांची बाही चढवताना मी त्या माणसाला शिव्या घातल्या, दादा. बावीस वर्षं. दर रविवारी तू समोर बसून ऐकायचास आणि चहा प्यायचास."

"हो," मी म्हणालो.

"माझा निरोप असा आहे, की पुढच्या रविवारीही येऊ नकोस. यांनी बोलावलं तरी येऊ नकोस. मला वाटेल तेव्हा मी सांगेन."

"बरं."

"यांचा निरोप न सांगताही मला भागवता आलं असतं," ती म्हणाली. "पण मी दोन्ही सांगितले."

आणि तिने फोन ठेवला.