सामाईक भिंत

निळ्या चुन्याचा नखाएवढा पोपडा तिच्या तळहातावर होता, आणि तो निळा काही केल्या कॅनव्हासवर उतरत नव्हता. थोडा पांढरा घातला की दवाखान्याची भिंत व्हायची, काळ्याचं बोट लागलं की सगळाच मरगळून जायचा... जा खड्ड्यात, असं आरफा त्याला मोठ्यानं म्हणाली. बाहेर सोमाजी गवंडी बांबू बांधत होता. संध्याकाळपर्यंत भिंत सिमेंटखाली जाणार, मग हा निळा विचारायचा कुणाला?

दोन्ही घरांत भिंत एकच होती, सामाईक. शेजारचं बयाबाईंचं घर पाडलं आणि त्यांच्या बाजूनं ती उघडी पडली – स्वयंपाकघराचा निळा चौकोन, माजघराचा गुलाबी, दोघांना कापत वर गेलेली जिन्याची तिरकी रेघ, आणि खाली गुलाबीत एक काळपट लंबगोल. जुन्नरच्या या बोळात उभी राहून आरफा तेव्हापासून तेवढंच रंगवत आली होती. मुंबईच्या प्रदर्शनात लोक माना वाकड्या करून चित्रांपुढे थांबले. रिकामं होत चाललेलं शहर, म्हणाले. तो गोल म्हणजे पोकळी. म्हणा बापडे! तिला तो दिव्याच्या काजळीचा डाग वाटायचा, म्हणून प्रत्येक चित्रात तिनं तो काळाकुट्ट भरला होता.

आणि तरी सोमाजीला तिनंच बोलावलं होतं. ओल आत आली होती, अंथरुणाला वास मारत होता, आणि ‘किती ओल आलीय बघ’ म्हणायलाही घरात दुसरं कुणी नव्हतं.

पूर्वी भिंत वाजायची. चहा टाकला की बयाबाई पलीकडून मुठीनं ठोकायच्या – टक् टक् – आपण इकडून ठोकायचं आणि निघायचं. अम्मी गेल्यावर दिवसभरात तेवढंच एक बोलावणं. मग चित्रं विकली जायला लागली, आणि एकदा कप विसळता विसळता बयाबाई म्हणाल्या, "तू आता कामाची मानूस झालीस गं. मी न्हाई वाजवनार. तुला वाटंल तवा तू वाजीव." मी कशी वाजवू? चहा त्यांचा, बोलावणं त्यांचं... मी वाट बघत राहिले. वाटलं, कंटाळल्या असतील आपल्याला. नातवाच्या, शौर्यच्या, भोसरीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या तेव्हाही भिंत गप्पच होती. तिथंच वारल्या. आरफाला ते पंधरवड्यानं कळलं, बाजारात कोथिंबीर घेताना.

आणखी एक पोपडा मिळतो का बघायला ती बाहेर गेली. इतके दिवस मध्ये विटामातीचा ढीग होता. बांबूंसाठी सोमाजीनं तो आज उपसला होता. पहिल्यांदाच तिचा हात त्या गोलाला लागला. चिकट होता. बोट काळं झालं नाही, तपकिरी झालं... तिनं हुंगलं. जुनं, खवट खोबरेल.

ती जोत्यावर बसली, भिंतीला पाठ लावून. डोकं बरोबर डागावर आलं.

म्हणजे बयाबाई इथं डोकं टेकून बसायच्या. एखाद्या दिवशी नव्हे – एवढं तेल मुरायचं तर रोज, वर्षानुवर्षं. आणि भिंतीच्या पलीकडे, याच जागी, माझं स्टूल. माझं गुणगुणणं, रंगांना घातलेल्या शिव्या, एखाद दिवशीचं रडणं... सगळं ऐकलं असेल. अगं बाई, मग ठोकलं का नाहीस? एकदा तरी!

"ताई, सरका, खडे उडतील," सोमाजी म्हणाला.

"हे एवढं शेवटी घ्या."

"तेलावर शिमिटाचा माल धरत न्हाई. हे तर पयलं छिन्नीनं टाचून काढाया पायजे."

ती आत आली. समोरच्या कॅनव्हासवर गोल अजून कोरा होता. त्यात काळा भरायचा नाही एवढंच आता कळत होतं. ती स्टुलावर बसली आणि डोकं मागं टेकलं.

पलीकडून छिन्नी वाजू लागली. टक् टक्... टक् टक्... कवटीत उतरत गेलं. सोमाजी आहे हे तिला ठाऊक होतं. चहा कुणी टाकलेला नाही, हेही. तरी मूठ वर गेली, आणि तिनं भिंतीवर दोनदा ठोकलं.

छिन्नी थांबली.

"कोन हाय?" सोमाजी पलीकडून ओरडला.

तिनं पुन्हा ठोकलं.