‘नाही’ आधी लिहा

नाही, मित्रांनो, मी टीव्हीचा रिमोट नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. प्रताप नगरातल्या ज्या घरात मी राहतो, तिथल्या विश्वनाथकाकांनी मला टीव्हीसमोर धरून बटणं दाबली आहेत, आणि बातम्या बदलत नाहीत म्हणून तळहातावर आपटलंही आहे. मी एक जुना, हातात मावणारा जीपीएस आहे. रानात नि डोंगरात माणूस कुठे उभा आहे आणि त्याला कुठे जायचं आहे, एवढंच मी सांगतो. काळं-पिवळं अंग, लहानसा पडदा, पोटात दोन पेन्सिल सेल. झाला माझा संसार.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवलं, उंचावरून पाडलं, आणि तरी मी चालतो असं पाहून खोक्यात भरलं. नागपुरात मला गौरांगने आणलं. गौरांग म्हणजे विश्वनाथकाकांच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. नोकरीसाठी तो मावशीकडे राहतो. त्याने अंगणात नेऊन मला पहिल्यांदा सुरू केलं, तो क्षण मी विसरलेलो नाही. आभाळातून एका उपग्रहाने हाक दिली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. चौथी हाक जुळली आणि मला एकदम कळलं की मी कुठे आहे. मित्रांनो, आपण कुठे आहोत हे कळण्यासारखी दुसरी मजा नाही. आजही सुरू झालो की माझ्या अंगावर काटा येतो.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. गौरांगने ऑफिसात मला सगळ्यांच्या हातात फिरवलं. मग त्याने माझ्यात पहिली वाट भरली. केबल जोडली की पोटात गुदगुल्या होतात, आणि कधी न पाहिलेला अख्खा डोंगर आपल्यात उतरतो. मी तर उडायलाच निघालो होतो. प्रत्यक्षात ती वाट घरापासून तर्री-पोह्यांच्या ठेल्यापर्यंतची निघाली.

माणसांचा हिशेब ठेवायची माझी एक रीत आहे. जमेच्या बाजूला तो बोलतो किती, खर्चाच्या बाजूला चालतो किती. गौरांगचा मेळ कधीच बसला नाही. अंबाझरी तलावाची फेरी अर्ध्यावर सोडून तो घरी पूर्ण फेरी सांगायचा, आणि मी खिशात सगळं टिपून गप्प बसायचो. पुढे त्याच्या मोबाइललाच नकाशे आले. मी ड्रॉवरमध्ये गेलो. चिकटपट्टी, जुन्या किल्ल्या आणि एक मुका कॅल्क्युलेटर, असे आम्ही शेजारी झालो.

मला बाहेर काढलं ते अरुंधतीमावशीने, आणि तेही माझ्यासाठी नाही. तिला भिंतीवरच्या घड्याळासाठी सेल हवे होते. माझं पोट उघडून सेल काढताना तिने विचारलं, “हे काय आहे रे गौरांग?”

“जीपीएस आहे, मावशी. डोंगरात वाट दाखवतो. मोबाइलला रेंज नसली तरी.”

मावशीने काढलेले सेल परत माझ्या पोटात घातले. घड्याळ त्या दिवशी बंदच राहिलं.

आता मावशीबद्दल थोडं सांगायला हवं. ती विमा कचेरीतून निवृत्त झालेली. आकड्यांत पक्की, माणसांत पक्की, पण दिशेच्या नावाने शून्य. एकदा मनीषनगरात नात्यातल्या सत्यनारायणाला म्हणून निघाली आणि शेजारच्या इमारतीत भलत्यांच्याच सत्यनारायणाला जाऊन बसली. तिथे आरती म्हटली, प्रसाद घेतला, मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं हेही विचारलं. घरी आल्यावर कळलं. ही गोष्ट विश्वनाथकाका येईल त्याला चहाबरोबर देतात.

तर या मावशीने कॉलनीतल्या बायकांचा डोंगर चढायचा गट काढला होता. त्याआधी त्या सगळ्या महिन्यातून एकदा जमून हौजी खेळायच्या. कोणाचा तरी पुतण्या नाही, भाडोत्री वाटाड्या नाही, आपली वाट आपण काढायची, असं मावशीने ठरवलं होतं. बायका हो म्हणाल्या, पण अट घालून. गटातली सगळ्यांत मोठी यमुताई, तिने ती अट तोंडावर सांगितली.

“एक डाव येतो आम्ही तुह्या मांगं. पण वाट चुकली ना अरुंधती, तं मंग आपली हौजीच बरी. मले या वयात बिबट्याची पाहुणी नाही व्हायचं.”

म्हणजे एकच संधी होती. ती गेली की गट गेला, आणि चहाबरोबर द्यायला काकांना आणखी एक गोष्ट मिळाली असती.

जानेवारीत गौरांग आणि मावशी मोरपहाडीची वाट पाहून आले. वाट पाहून म्हणजे खरोखरची वाट पाहून. मोरपहाडी कळमेश्वरच्या पलीकडे, सागाच्या रानातली. महत्त्वाच्या जागी गौरांग माझं बटण दाबायचा आणि मी तिथे खूण रोवायचो, नुसत्या आकड्याची. चाललेल्या वाटेची रेघ मी आपोआप ओढत होतो. घरी येऊन त्याने ते सगळं संगणकावर काढलं. मग मोठ्या पडद्यासमोर मावशी खुणांची नावं सांगायला बसली आणि हा टाइप करायला. मला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून मराठी नावं इंग्रजी अक्षरांत.

“मोठा वड. मारुतीचा दगड. ही खिंडीच्या डावीकडची विहीर ना? लिही, या विहिरीत पाणी आहे.”

“आणि उतरताना लागली ती?”

“या विहिरीत पाणी नाही.”

मग पडद्याकडे बोट करून ती म्हणाली, “पण हे काय रे? लोकर गुंतल्यासारखं?”

गौरांग हसला. “तिथे तू बसली होती, मावशी. चालताना याची रेघ सुधी येते. माणूस बसला की हा एकाच जागी गिरगटत राहतो. बघ, डोंगरभर तुझ्या बसण्याचे पुरावे आहेत.”

“बसते तर बसते,” मावशी म्हणाली. “तुझ्यासारखी खोटं तर सांगत नाही.” मी मनातल्या मनात तिला जमेला धरलं.

केबल जोडली गेली. रेघ आली, वड आला, मारुती आला. नावं मात्र आली तशी मावेनात. माझ्याकडे नावासाठी जागा लहान आहे. मावतं तेवढं मी ठेवतो, उरलेली शेपटी कापतो, आणि कोणाला विचारत बसत नाही. आता तुम्हीच पाहा, मराठीत ‘आहे’ कुठे येतं आणि ‘नाही’ कुठे येतं. दोन्ही शेपटीलाच. दोन्ही विहिरींची नावं माझ्यात आली ती अशी: ‘या विहिरीत पाणी’. आणि ‘या विहिरीत पाणी’.

“झालं लोड,” गौरांग म्हणाला आणि संगणक बंद केला. माझ्या पडद्याकडे कोणी पाहिलंच नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे बायका निघाल्या. काका दारात उभे होते. “वरण-भात लावून ठेवतो,” ते म्हणाले. “एक दिवसाचा लावू की चार दिवसांचा?”

मावशीने बुटांच्या नाड्या आवळल्या. मला गळ्यात अडकवलं आणि निघाली. मित्रांनो, काय सकाळ होती ती. पळस पेटलेला, मागे बायकांच्या गप्पांचा गजर, आणि सगळ्यांच्या पुढे मी. वड बरोबर लागला. मारुतीचा दगड बरोबर लागला. दर खुणेला मी टिंग करायचो आणि मावशी मागे वळून “मोठा वड” असं पुकारायची, जणू तो तिनेच लावला होता. माथ्यावर पोचलो तेव्हा यमुताईसुद्धा म्हणाली, “डबी हुशार आहे वं.”

माथ्यावर डबे उघडले. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, निघाली, पाटवडी निघाली, तिखटाचा जाळ निघाला. खाण्याचं सामान बायकांनी दोन दिवसांचं आणलं होतं आणि पाणी एका दुपारचं. त्या पाण्यातलं निम्मं तेलकट हात धुण्यात गेलं. खिंडीत उतरेपर्यंत बाटल्या वाजायला लागल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. सागाची पानं गळून गेली होती, सावली नावाला नव्हती. यमुताईचा चेहरा लाल झाला होता आणि तिची थट्टा थांबली होती. ही थांबलेली थट्टा मावशीला सगळ्यांत आधी ऐकू आली.

“आता विहीर जवळच आहे,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. एक विहीर डावीकडे, घराच्या उलट दिशेला, खाली उतरून परत चढायचं. दुसरी उजवीकडे, सरळ घराच्या वाटेवर. नाव एकच.

वैभवी, गटातली सगळ्यांत तरुण, मोबाइल आभाळाकडे धरून उभी होती. “काकू, माझा मॅप पांढरा झाला. पण तुमचा तर दोन्हीकडे पाणी सांगतो. मग घरच्या वाटेवरचीच घेऊ.”

“काहून उलटं जाव?” यमुताई दगडावर टेकत म्हणाली. “मले त्या अंगाची चढण होत नाही आता.”

बायका उजवीकडे वळल्याही होत्या.

“थांबा,” मावशी म्हणाली. “एक विहीर कोरडी होती. मला पक्कं आठवतं. कोणती ते आठवत नाही.”

“पण यावर तर लिहिलंय, पाणी,” वैभवी म्हणाली.

मावशीने मला डोळ्यांशी धरलं. “आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर जन्मभर माझं नाव ‘अरुंधती विश्वना’ यायचं. आडनाव तर कधी पोचलंच नाही. वैभवी, याच्यावर ‘पाणी’च्या पुढे काहीतरी होतं. ते गळलं.”

वळलेल्या बायका परत आल्या. समोर पानं गळालेला डोंगर, जानेवारीत पाहिलेली एकही जागा ओळखू येईना. मावशीला खरंच दिशा कळत नाही, मित्रांनो. तिथे उभी राहून तिने आठवायचा प्रयत्न केला असता, तर पुन्हा भलत्याच सत्यनारायणाला पोचली असती. तिने ते केलं नाही. तिने माझं मोठं करायचं बटण दाबलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. उजवीकडच्या विहिरीपाशी माझी रेघ सुधी, सरळ गेली होती, न रेंगाळता. मग तिने डावीकडची विहीर पडद्यावर आणली. तिथे लोकर गुंतली होती. भला मोठा गुंता.

मी बोलू शकलो असतो तर ओरडलो असतो. मला बोलता येत नाही, म्हणून पडद्यावरची सेलची एक पट्टी तेवढी कमी करून दाखवली.

“डावीकडे,” मावशी म्हणाली.

“काहून पण?” यमुताईने विचारलं.

“कारण तिथे मी बसले होते. आणि कोरड्या विहिरीपाशी मी बसत नसते.”

यमुताईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. “हे मात्र खरं आहे वं. चाल.”

त्या उताराइतका लांब उतार मी आजवर मोजलेला नाही.  मावशीची बोटं माझ्याभोवती घामेजली होती. परत हाच उतार चढायचा आहे हे प्रत्येकीला माहीत होतं, आणि चुकलं तर कोरड्या घशाने. झुडपं बाजूला झाली आणि काठ दिसला. काठाला दोर, दोराला डबा. वैभवीने डबा सोडला. क्षणभर काहीच नाही. मग खालून आवाज आला, बुडुक.

मित्रांनो, उपग्रहाच्या पहिल्या हाकेनंतर मला इतका आनंद दुसऱ्या कोणत्या आवाजाने झाला नाही. ओढणीची घडी करून त्यांनी पाणी गाळलं. यमुताई आधी प्यायली, मग तोंडावर मारलं, मग तिची थट्टा परत आली. “अरुंधती, बस वं इथं जराशी. डबीत गुंता होऊ दे. पुढच्या वेळी कामी येईन.”

भरलेल्या बाटल्या घेऊन त्या खिंड चढल्या आणि घरच्या वाटेला लागल्या. वाटेत दुसरी विहीर आली. यमुताईने वाकून एक खडा टाकला. ठक्क. आत सुकलेली पानं होती.  बायका मावशीच्या जरा जास्त जवळून चालू लागल्या.

हौजीच्या तिकिटांचा गठ्ठा आता माझ्या जुन्या ड्रॉवरमध्ये असतो, कॅल्क्युलेटरला सोबत म्हणून. मी बाहेर, दाराजवळच्या खिळ्यावर. नवी वाट भरायची असली की मावशी गौरांगच्या शेजारी बसते आणि केबल काढायच्या आधी एकेक नाव माझ्या पडद्यावर वाचून घेते. तिची नावं आता उलटी असतात. ‘नाही पाणी या विहिरीत’. ‘नाही वाट इकडून’. शेपटी कापली गेली तरी जीव राहतो.

माझं मागणं फार नाही, मित्रांनो. माझ्यासारख्याला ड्रॉवरमध्ये टाकायचं असेल तर पोटातले सेल काढून टाका, ते पाझरले की आमची आतडी कुजतात. आमच्यात काही भरलंत तर ते कसं बसलं ते एकदा पाहा. आणि महत्त्वाचं ‘नाही’ असेल तर ते आधी लिहा. ऐकताना मात्र शेवटपर्यंत ऐका. कारण परवा काय झालं ते सांगतो.

मावशी मला सेल घालत होती. विश्वनाथकाका बराच वेळ वर्तमानपत्रामागे घुटमळत होते. शेवटी म्हणाले, “पुढच्या रविवारी मी पण आलो तर?”

मावशी आता सवयीने ‘नाही’ आधी म्हणते. “नाही,” ती म्हणाली, आणि सेलचं झाकण बसवून मग पुढचं बोलली, “म्हणत नाही मी. या.”

पण काका पहिल्याच शब्दावर उठून गेले होते. आत जाऊन तोंड पाडून टीव्हीसमोर बसले आणि रिमोट शोधू लागले. मावशीने मला तसंच आत नेऊन त्यांच्या हातात ठेवलं.

“हा घ्या,” ती म्हणाली. “आणि या वेळी वाट तुम्ही बघा.”