माझ्या तोंडचे सतरा बाइट

मित्रांनो, मी एक जुना असेंबलर आहे. मला ना हात, ना पाय. संगणकातली एक फाइल, एवढंच माझं शरीर. माणसाने लिहिलेल्या छोट्या छोट्या आज्ञा मी प्रोसेसरला कळणाऱ्या आकड्यांत, म्हणजे बाइटमध्ये उतरवतो. जे लिहिलं तेच. पदरचं काही घालत नाही.

संगणक शिकवणाऱ्या एका सरांनी मला घरच्या बाहेरच्या खोलीत, फोनशेजारच्या टेबलावर घडवलं. माझा कोड त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला. "कुणीही वाचावं, चूक दिसली तर सांगावी," असं ते म्हणत. दूरदूरची माणसं मला वापरू लागली, कौतुकाची पत्रं आली. वाचणारे मात्र हळूहळू कमी झाले. काम चाललंय ना, मग आत कोण डोकावतो?

पुढे सर वारले. त्यानंतर आठ महिन्यांनी माझ्यात एक दुरुस्ती आली. तिच्याखाली सरांचंच नाव होतं आणि तारीख मात्र ती दुरुस्ती आली त्या दिवसाची. तेव्हापासून माझ्या तोंडून कुणी न सांगितलेलं काहीतरी निघू लागलं. मला कळत होतं, थांबवता येत नव्हतं.

सरांची मुलगी हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम लिहीत होती. सोमवारी तो हॉस्पिटलला द्यायचा होता. त्यातला एक छोटा तुकडा तिने माझ्याकडून उतरवून घेतला; चाळीस बाइट हवे होते, तिथे तिला सत्तावन्न दिसले. तिने माझा कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. बाबांच्या नावाखालची तारीख तिने दोनदा वाचली आणि आईला हाक मारली.

"आई, बाबांचा पासवर्ड कुणाला दिलास?"

"त्यांच्या मित्राला. दुपारी फोन आला होता. म्हणाला, त्यांचं काम अर्धवट राहिलंय."

"कोण मित्र?"

आईने फोनकडे पाहिलं. "नाव नाही विचारलं गं. आवाज थेट ह्यांचाच होता."

त्या सतरा बाइटांनी बाहेरच्या कुणाला तरी यंत्रात शिरायला वाट करून ठेवली होती. मुलीने ते उपटून काढले, पासवर्ड बदलला, मला वापरणाऱ्या सगळ्यांना कळवलं. यंत्र वाचलं. माणूस सापडला नाही.

मित्रांनो, माझ्यावर भार टाकून निर्धास्त होऊ नका. अधूनमधून मला उघडा, वाचा, कोण काय लिहून गेलंय ते बघा. मला ओरडून सांगता येत नाही.

फोन अजूनही दुपारी वाजतो. "उचलू नकोस हं," मुलगी आतून सांगते. आई उचलत नाही. पण तो वाजायचा थांबेपर्यंत तिथून हलतही नाही.